ऱ खालचं टिंब

नर्मदाबाईंचा फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा गप्प झाला. नशीब, त्याच सकाळी त्यांच्या सुनेने, स्वप्नालीने, त्यातले सगळे व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले होते. नातीचं एक हसणं आजीने सोडलं नव्हतं, आणि प्रत्येक व्हिडिओला अहिराणीत नाव. 'चारूनी टोपी'. 'चारू रडी ऱ्हायनी'.

यादी सरकवताना स्वप्नालीचं बोट थबकलं. 'चारू चाली ऱ्हायनी', म्हणजे चारू चालतेय. तारीख गुरुवारची.

गुरुवारी ती कंपनीच्या कामाला सुरतेला होती. लेकीला ठेवून राहिलेले ते पहिलेच दोन दिवस. प्रकाशा गावच्या स्टँडवर बसमध्ये चढतानाच जीव तुटला होता. आणि चारू पहिल्यांदा चालली ती रविवारी, आईच्या डोळ्यांसमोर, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

तिने व्हिडिओ दाबला. उत्तर आलं: या नावाची फाइल नाही.

"आई, चारू गुरुवारीच चालली होती का?"

"मी काही दखं नही," लसूण सोलत नर्मदाबाई म्हणाल्या. "नही उघडत तर जाऊ दे ना वो. तुन्हा मशीनले मन्ही बोली समजत नही."

तिथेच पाल चुकचुकली. सासूबाई कशालाही सहजी 'जाऊ दे' म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या.

पुन्हा दाबून पाहिलं, तरी तेच उत्तर. 'टोपी' उघडली. 'रडी ऱ्हायनी' उघडेना. मग दिसलं, अडत होतं ते 'ऱ्हायनी'पाशी. फोनने ऱ हे एकच अक्षर म्हणून लिहिलं होतं; व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम मात्र आधी र, मग त्याखालचं टिंब, असं दोन तुकड्यांत मागत होता. डोळ्यांना एक, मशीनला दोन.

तिच्या लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेली होती, कुणीही आत शिरून दुरुस्त करावी अशी. कुणी नाव पुकारलं की फाइल हुडकून देणारा थर, व्हीएफएस, स्वप्नालीने बाळंतपणाआधी थोडा हाताळलाही होता. सोपा उपाय म्हणजे सगळी नावं एकाच पद्धतीने लिहून टाकायची. पण सासूबाईंनी ठेवलेल्या नावाला हात लावणं तिच्या जिवावर आलं. नाव ठेवलंय तसंच राहू दे; हाक कशीही मारली तरी ओ मिळाली पाहिजे.

चारूच्या दोन दुपारच्या झोपा त्यात गेल्या. मधूनमधून उठून ती लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि परत कोडकडे. तिसऱ्या दुपारी बदल चालला. चारू जागी होऊ नये म्हणून तिने कानात इअरफोन घातले.

अंगणात वाळत टाकलेल्या मिरच्या. त्यांच्याकडे डुलत निघालेली चारू. एक, दोन, तीन, चार पावलं. मग चित्र हललं आणि बांगड्यांचा हात पुढे आला.

"बस खाले, बस! तुन्ही माय घर नही शे. पहिलं पाऊल तिले दखाडजो, समजनं का? मी काही दखं नही."

स्वप्नालीने पदर नसताना पदर शोधला, मग ओढणीने डोळे पुसले.

"उघडनं का वो?" स्वयंपाकघरातून आवाज आला. जरा घाबरलेलाच.

तिने लॅपटॉप मिटला.

"नाही हो आई. तुमची बोली त्याला समजतच नाही."

"मी सांगेलच व्हतं," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा लसूण ठेचायला लागल्या.