धरलेलं मनगट

रविवारची सकाळ होती. जगन म्हात्रे ओटीवर दाढी करत बसला होता. समोरच्या आरशात त्याला पाठीमागची आतली खोली दिसत होती. आत विशाल आईला भरवत होता.

सीताबाईला आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळायची ताकदही अर्धी झाली. विशालनं तिला दोन उशा लावून ताठ बसवलं होतं. नाचणीची घट्ट पेज तो चहाच्या चमच्यानं देत होता, तीही अर्धाच चमचा.

"हनुवटी खाली घे, आये. हां. आता गिळ."

ती गिळायची. तो तिच्या गळ्याकडे बघत थांबायचा, मग पुढचा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास लागायचा.

"आटप रं," जगन म्हणाला. "धा वाजता पाव्हणं येतील."

"आईचं घाईनं होत नाय, बाबा."

"तुझ्या ताईला, प्रतिक्षाला दे की. त्यासाठीच तिला कोलाडवरनं बोलावली."

"भरवायचं ते मीच. ताईला पण सांगून ठेवलंय, आत्याला पण. आईच्या तोंडात दुसऱ्या कुणी काय घालायचं नाय. घास घशातनं सरळ फुप्फुसात जातो."

हे जगनला माहीत होतं. आठ महिन्यांत त्यानं ते शंभरदा ऐकलं होतं.

विशाल चार वर्षं पेणच्या एका दवाखान्यात नर्स होता. तिथं त्याला सगळे ब्रदर म्हणत. गावात मात्र तो डोलवीच्या कंपनीत सेफ्टीला होता, कारण जगननं तसं सांगितलं होतं. मिठागर सुटल्यापासून जगन स्वतः कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता, त्यामुळे हे खोटं पचायला जड गेलं नाही. शिफ्टच्या वेळासुद्धा जुळत. विशालचा पांढरा ड्रेस बाहेरच्या दोरीवर कधी वाळला नाही. तो चुलीमागच्या काठीवर वाळायचा आणि पिशवीच्या तळाशी घडी होऊन पेणला जायचा.

बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म भरायला सीताबाई स्वतः पोराबरोबर पनवेलला गेली होती. जगननं तेव्हा आकांडतांडव केलं. बाप्या माणूस, आणि लोकांचं हगणंमुतणं काढणार? सीताबाई शांतपणे म्हणाली होती, "तुमच्या बापाला दोन वर्सं मी पुसला. तुमी चौघं भाव होता. एकजण खोलीत आला नाय. दारातनं नाकाला रुमाल लावून विचारायचात, कसं हाय? माझा पोर दारात उभा राहणारा नाय व्हायचा."

मग जगननं वाद सोडला आणि लपवायला सुरुवात केली.

आज रोह्याकडून दाजी पाटील आणि त्यांची बायको विमलबाई सुपारी फोडायला येणार होते. त्यांची नमिता विशालला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. पाव्हण्यांना जगननं सांगितलं होतं की सीताबाईला थोडा अशक्तपणा आहे, उठत-बसत असते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तिचं करतं कोण?

"बाबा, सुपारी फोडायच्या आधी मी त्यांना सांगणार हाय," विशाल ओटीवर येऊन म्हणाला.

"हळद लागू दे, मग सांग."

"म्हणजे फसवायचं?"

"तुझ्या आयला सून बघायची हाय. ती किती दिवस हाय ते तुलाच जास्त कळतं. आजचा दिवस गप बस. तुला माझी आण हाय."

आतून जगनची बहीण इंदुबाई ओरडली, "अगो प्रतिक्षा, भावाला आता बाहेरच ठेव. बाप्यानं बाईमाणसाचं लुगडं बदलायचं, बघवत नाय गो मला."

"आत्या, तुझा गुडघा धरला की मलाच हाक मारतेस."

"तो गुडघा हाय मेल्या," इंदुबाई म्हणाली, आणि प्रतिक्षा चहाच्या आधणापाशी खुदकन हसली. सीताबाईचाही डावा ओठ थोडा हलला.

सीताबाईचं ते शेवटचं हसणं.

पाव्हणे आले. पोहे झाले, सुपारी फुटली. दाजींनी विशालच्या पाठीवर थाप मारली. "सेफ्टीचं काम बरं. रुबाब हाय. आमच्यात पोरानं हेल्मेट घातलं की पोरीचा बाप झोपतो निवांत." सगळे हसले. विशाल हसला नाही.

त्यांच्यात चाल अशी की सुपारी फुटली की मुलीच्या आईनं आधी मुलाच्या आईचं तोंड गोड करायचं, मग बाकीच्यांनी खायचं. ही चाल जगनला ठाऊक होती. सकाळपासून त्याच्या मनात ती दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा त्यानं ती बाजूला सारली होती.

विमलबाई पेढ्यांचा पुडा घेऊन उठल्या. "विहीणबाई कुठं हायत? लाजतात का काय?" इंदुबाई त्यांना आत घेऊन गेली. दार उघडंच होतं. सीताबाई उशीवर मान टाकून अर्धवट आडवी होती. विमलबाई क्षणभर थबकल्या, पण इंदुबाई म्हणाली, "जरा अशक्त हाय. द्या तुमी, शकुनाचं हाय. एवढ्याशानं काय व्हतंय?"

विशाल उठला.

जगननं त्याचं मनगट धरलं. मिठागरात फावडं धरून घट्ट झालेला तो हात. तोंड पाव्हण्यांकडे हसरं ठेवून तो दबल्या आवाजात म्हणाला, "बस खाली. बायकांचं काम हाय ते."

"बाबा, सोडा."

"काय रं विशाल," दाजींनी विचारलं, "कंपनीचं कॅन्टीन कसं हाय?"

"चांगलं हाय," विशालऐवजी जगननंच उत्तर दिलं.

आतून सीताबाईचे डोळे विशालला शोधत होते. पेढा तोंडात गेला.

आधी काहीच आवाज आला नाही. मग एक बारीक शिट्टीसारखा श्वास आला आणि विमलबाई किंचाळल्या. विशालनं हिसडा मारून हात सोडवला. आईला कुशीवर वळवून त्यानं तोंडात बोटं घातली, पाठीवर तळव्यानं ठोके दिले, पुन्हा बोटं घातली. निळे पडलेले ओठ हळूहळू उजळले. तिचं लुगडं ओलं झालं होतं. त्यानं चादर आडवी धरली, प्रतिक्षाला हाताशी घेतलं आणि आईला कोरडं केलं.

दाजी दारात उभे राहून बघत होते. "हे कंपनीत शिकवतात?"

"नाय, काका. मी नर्स हाय. पेणला."

दाजी जगनकडे वळले. "चोर असता तरी आधी सांगितलं असतंत तर विचार केला असता. बेडपॅन उचलणाऱ्याला पोरगी देऊन मी रोह्यात तोंड कुठं दाखवू?"

विमलबाई काही तरी बोलणार होत्या. दाजींनी त्यांना चपला घालायला लावल्या. पेढ्यांचा पुडा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सीताबाईला ताप चढला. विशालच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कण फुप्फुसात गेलेत. विशालनं रजा घेतली नाही, त्याच वॉर्डात ड्यूटी मागून घेतली. जगन बाकावर बसून राहायचा. आपला मुलगा काम करताना त्यानं पहिल्यांदाच पाहिला. भाजलेल्या माणसाची पट्टी तो बोलत बोलत सोडवायचा, तो माणूस ओरडायचं विसरायचा. जिते गावची एक म्हातारी जगनला म्हणाली, "हा तुमचा पोर? माझा बाहेर मोबाईल बघत बसलाय. मला उठवून बसवतो तो हा."

"व्हय, माझा," जगन म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं तिथं. त्याची मान खाली गेली.

सहाव्या दिवशी दुपारी सीताबाई गेली. विशालनं तिचे डोळे मिटले, केस विंचरले, नाकाजवळचं सुकलेलं पुसलं. बापाला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर जगनला बरं वाटलं असतं. जगन नुसता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. किती वेळ धरलं होतं मनगट? कॅन्टीनबद्दल एक प्रश्न आणि एक उत्तर, एवढाच वेळ.

गावात आता सगळ्यांना कळलं होतं. बाराव्याला मंडळी ओटीवर जमली तेव्हा कोपऱ्यातून हलकी कुजबुज येत होती. कुणी तरी "सिस्टर" म्हणालं, कुणी तरी हसू दाबलं. जेवणं झाल्यावर शेजारचा हिराजी जगनजवळ सरकून बसला. हसणाऱ्यांत तोही होता.

"जगनदादा," तो कानाशी म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला पाठीला जखमा झाल्यात. वास येतो, खोलीत जाववत नाय. विशालला पाठवशील? जरा काळोख पडला की. मागच्या दारानं येऊ दे, म्हणजे कुणी बघाया नको."

जगन बोलला, पण हळू नाही. ओटीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा बोलला.

"काळोखात नाय येणार. उद्या सकाळी येल, तुझ्या पुढच्या दारानं, ड्रेस घालून."

हिराजीची मान खाली गेली.

"आन ऐका सगळी. सीता पेढ्यानं नाय मेली. माझा पोर तिला वाचवाया उठला होता. ह्या हातानं मी त्याला धरून ठेवला. का? तर तो नर्स हाय हे पाव्हण्यांना कळू नये म्हणून. इंदूला बोल लावू नका, तिला सांगूनपण उमगलं नव्हतं. मला समजत होतं."

इंदुबाईनं पदर तोंडाला लावला. विशाल दारात उभा होता. त्यानं बापाकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जगननं पांढरा ड्रेस स्वतः धुतला आणि अंगणातल्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, वाळत घातला. दहा वाजेपर्यंत तो वाळला. मग बापलेक निघाले. मलमपट्टीची पिशवी जगनच्या हातात होती. बायका पाण्याचे हंडे घेऊन थांबल्या, नाक्यावरच्या पोरांनी माना वळवल्या. जगनचे पाय मागच्या वाटेकडे वळू बघत होते, लपवायची सवय पायांनाही लागली होती. तरी तो चालत राहिला.

हिराजीच्या घरी म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. हिराजी दारात थांबला, नाकाला रुमाल लावून. जगनही त्या दारात क्षणभर थांबला. मग आत गेला.

"एकट्यानं वळवता येणार नाय," विशाल हातमोजे चढवत म्हणाला. बारा दिवसांत बापाशी तो पहिल्यांदाच बोलत होता. "तिकडनं धरा."

जगननं वाकून म्हाताऱ्याचं मनगट पकडलं.

"मनगट नाय, बाबा," विशाल म्हणाला. "खांद्याखाली हात घाला."