निरगाठ

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपली तेव्हा माझा घसा पार बसला होता. अंथुर्ण्याच्या शिवारात आमची ख्रिस्ती वस्ती लहान. वेगळं प्रार्थनामंदिर नव्हतंच. मिशनच्या शाळेची एक खोली, तीच रविवारी मंदिर. पाळकसाहेब बारामतीहून कधीमधी येत. एरवी मी, शाळेचा मास्तर, उपदेश वाचून दाखवी. मला न वाचता बोलता येत नाही. देवाच्या कोकराने पुष्कळांसाठी रक्त सांडलं, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलं होतं की आता ते तोंडातून जाताना जिभेला लागतही नसे. उसाच्या कामावरून आलेली माणसं भिंतीला टेकून झोपली होती. त्यांना जागं करावंसं मला वाटलं नाही.

सगळे गेल्यावर फळा पुसत होतो, तर दारात सारजा उभी. बाहेर लिंबाखाली बसून तिने सगळं ऐकलं होतं. सारजा धनगराची, आमच्यातली नव्हे. तिचा एकुलता एक मुलगा भिमा गेल्या उन्हाळ्यात बागायतदार बापूसाहेबांच्या नव्या विहिरीत गेला. सुरुंग उडवल्यावर धूर निवायच्या आत तिचा भाचा कुंडलिक खाली उतरला आणि पडला. त्याला काढायला भिमा गेला. कुंडलिक वर आला, भिमा जिवंत आला नाही. पुढे त्याच विहिरीला पाणी लागलं, आणि विहिरीने बळी घेतला म्हणून पाणी दिलं, असं गावाने ठरवून टाकलं. सारजा त्या पाण्याला शिवत नव्हती. लांब कालव्यावरून घागर आणी.

“मास्तर, एक इचारू?” ती म्हणाली. “त्यानं अंग झाडलं व्हतं का?”

“कुणी?”

“तुमच्या कोकरानं. आत्ता वाचत न्हवता का?”

मी फळ्याचं फडकं खाली ठेवलं.

“देवाला मेंढा देत्यात तवा त्याच्यावर पानी घालत्यात. त्यानं अंग झाडलं तर त्यो कबूल झाला. न्हाय झाडलं तर सुरी लावत न्हाईत. माझा बाप तर दिस कलंस्तवर थांबायचा. एवढी पुस्तकं वाचता, आन एवढं ठावं न्हाय?”

ठाऊक होतं. लहानपणी जत्रेत पाहिलं होतं. पण त्याचा आणि माझ्या उपदेशाचा संबंध मी कधी लावला नव्हता. कदाचित भीतीने लावला नसेल.

“सांगा की. त्याला बापानं ढकलला, का त्यो आपनहून गेला?”

“हे तू का विचारतेस, सारजाबाई?”

ती उंबऱ्यावर बसली.

“भिमाला मी धाडला. दोर त्याच्या कंबरेला मीच बांधला. सुटू नये म्हणून निरगाठ मारली. त्यो म्हणला, आये, धूर हाय अजून. मी म्हणलं, माझ्या भावाचं लेकरू हाय त्ये, जा. आता गाव म्हणतं, बळी गेला. न झाडल्यालं मेंढरू मी कापलं का, मास्तर?”

मी टेबलावरचे कागद चाळले.  मग कागद खाली ठेवले आणि अडखळत बोललो.

“आदल्या रात्री तो एका बागेत होता. घाबरला होता. रक्ताचे थेंब पडावेत तसा घाम गळत होता. बापाला म्हणाला, हे टळत असेल तर टाळ.”

“मंजी नगं म्हणला.”

“हो. आधी नको म्हणाला.”

“आन मग?”

“मग उठला. शिपाई आले तेव्हा लपला नाही. आपणच पुढे झाला.”

“बापानं न्हाय ढकलला?”

“नाही. मी तरी असं समजतो. मी काही फार शहाणा नाही.”

“त्ये दिसतंच हाय,” सारजा म्हणाली, पण रागाने नाही. मग म्हणाली, “त्याला पुढं तरी व्हता आलं. माझ्या भिमाला तर दोर बांधल्याला.”

त्यावर मी जे विचारलं ते हुशारीने विचारलं नाही. मला खरोखरच माहीत नव्हतं.

“कुंडलिकला वर कशाने ओढलं?”

“त्याच दोरानं.”

“भिमाच्या?”

“व्हय. दुसरा व्हता कुठं?”

“मग तुझी निरगाठ कुणी सोडली?”

 सारजाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कुंडलिक तर खाली बेशुद्ध पडलेला होता.

“निरगाठ सुटाया लई येळ लागतो,” शेवटी ती म्हणाली. “त्याची नखं मोडल्याली व्हती. शेवटची आंघूळ घालताना बघितली म्या. वाटलं, धडपडून भिंत खरवडली आसंल.”

बाहेर ऊन तसंच होतं. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

“तुमचा तिसऱ्या दिशी उठला म्हणं. माझा का न्हाय उठला?”

यावर छापील उत्तर होतं. ते मला तोंडातून काढवेना. फार थकलो होतो.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “एवढंच माहीत आहे, की तो उठला तेव्हा हातांवरचे घाव तसेच होते. ते त्याने आपल्या माणसांना दाखवले.”

“बुजलं न्हाईत?”

“नाहीत.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि गेली.

रविवारी पुनरुत्थानाची उपासना आम्ही रिवाजाप्रमाणे उजाडताना, लिंबाखाली केली. तीच थोडी माणसं, तशीच पेंगुळलेली. माझा घसा अजून सुटला नव्हता. मुख्य वाक्यापाशी येईपर्यंत आवाजच बंद झाला. खाकरलो, तरी फुटेना.

तेवढ्यात सारजा आली. कमरेवर घागर, मागे मान खाली घालून कुंडलिक. वर्षभर तो हिची सावली दिसली तरी वाट बदलत असे.

“कुंडल्या, मास्तरला पानी घाल,” ती म्हणाली. “कोंबडा बी ह्यांच्यापरास बरा वरडतो.”

कुणीतरी हसलं. मी ओंजळ धरली, कुंडलिकने वरून पाणी ओतलं.  निम्मं माझ्या सदऱ्यावर सांडलं. पाणी गार होतं. कालव्याचं नव्हतं. मी सारजाकडे पाहिलं.

“हिरीचं हाय,” ती म्हणाली. “पयलं मी पिऊन बघितलं.”

हात ओले होते, कागद धरवेना. म्हणून तेवढं एक वाक्य मी न वाचता म्हणालो: तो उठला आहे. आवाज तसाच बसका निघाला.