पट्ट्याचं माप

माझ्याशी कुणी गोड बोललं की मी आधी पर्स चाचपते. स्वभावच आहे माझा, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तीस वर्षं शिवणकाम करतेय. "ताई, कापड जास्तच आणलंय, उरलं तर ठेवा तुम्हाला," असं म्हणणारी बाईच पुढच्या आठवड्यात कापड चोरलं म्हणून भांडायला येते.

लेक माझी लाइनमनचं काम शिकली. खांबावर चढून विजेच्या तारा जोडायच्या, ते काम. वर्गात पहिली आली आणि तीन ठिकाणी नाकारली गेली. पहिल्या ठिकाणी चांगला ड्रेस घालून गेली, तर म्हणाले, ऑफिसातली जागा भरली. दुसऱ्या ठिकाणी भावाचा शर्ट-पँट घालून गेली, तर आपापसात हसले. तिसऱ्या ठिकाणी कामाच्या कपड्यांत गेली, तर साहेबानं तिच्या मागे बघत विचारलं, उमेदवार कुठाय? आता ही चौथी मुलाखत, आणि बहुतेक शेवटची. चढाईचा परवाना महिनाअखेर संपणार होता. त्याआधी नोकरी लागली नाही तर दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी सगळं कपाट पलंगावर आलं होतं.

"आई, काय घालू गं?"

मी जाड सुती शर्ट काढला. तिनं तो उलटा करून शिवण तपासली, बटणं ओढून बघितली. नायलॉन नको, म्हणाली, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. धातूचं बटण नको, गळ्यात साखळी नको. मी म्हटलं, कुठल्या मुलीला नटायला एवढा वेळ लागतो? ती म्हणाली, मी नटत नाहीये, उतरवतेय. असं बोलून ती अंघोळीला गेली आणि तिचा फोन वाजला.

मी उचलला. पुरुषाचा आवाज, आणि साखरेत घोळलेला. उद्याच्या मुलाखतीसाठी बोलतोय म्हणाला. उंची किती? वजन किती? बुटाचा नंबर? इथवर मी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कमरेचं माप? आणि मांडीचा घेर?"

माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, ओरडलीच. मापं घेण्यात माझा जन्म गेला, पण मलासुद्धा कधी फोनवर कुणा मुलीच्या मांडीचा घेर विचारावा लागला नाही. म्हटलं, थांब मेल्या, तुला मी माप देते. वजन नव्वद किलो, बूट दहा नंबर, कमर बेचाळीस, मांडी तीस. तो "बरं बरं" म्हणत लिहून घेत होता. "अजून काही?" असं मी ज्या सुरात विचारलं त्यानंतर त्यानं फोन ठेवला.

लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुला सगळीकडे चोरच दिसतात. एवढंच म्हटलं की उद्या मी सोबत येणार. तिनं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

कंपनीचं आवार गावाबाहेर होतं. एका कोपऱ्यात सरावाचे चार खांब, पत्र्याची शेड, शेडमध्ये बाक. मी डोळ्यांत तेल घालून प्रत्येक पुरुषाकडे बघत होते, आवाज ओळखीचा वाटतो का म्हणून. फोरमन बाहेर आला. पन्नाशीचा, चष्मा नाकावर घसरलेला. हातात कोऱ्या बुटांचा खोका आणि एक नवाकोरा पट्टा. साधा पट्टा नव्हे. खांद्यावरून येतो, कमरेला आवळतो आणि दोन्ही मांड्यांना वेढे घालतो. पाय सुटला तर माणूस त्यातच लटकून वाचतो.

त्या मांडीच्या वेढ्यांकडे बघितलं आणि मला कालचा फोन आठवला.

"हे माप तुझं?" फोरमननं चिठ्ठी बघितली, मग माझ्या काडीएवढ्या लेकीला बघितलं. "मुलींच्या मापाचा पट्टा इथे नव्हता, म्हणून काल मुद्दाम फोन करून गोदामातून मागवला. यात तर तुम्ही दोघी मावाल."

"लिहिताना चूक झाली असेल," लेक म्हणाली.

मी होते तिथे, दोन हातांवर. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"असू दे. गोदामातून लहान मागवतो, तासाभरात येईल. हा तुझ्यासाठी आलाय, म्हणून तोवर तुझ्या नावावर. सही कर."

तिनं सही केली. बूट तिचे स्वतःचे होते, ते चालले. मग तिला आत लेखी परीक्षेला बोलावलं. "आई, एवढा सांभाळ," म्हणत तिनं पट्टा माझ्या मांडीवर ठेवला आणि धावली.

तासाभरात येईल म्हणे. अशी "मागवतो" म्हणणारी माणसं मी खूप पाहिलीत. नाकारायचं असलं की लोक असंच गोड बोलतात. पट्टा काही येत नाही, मग "मापच बसत नाही, आम्ही काय करणार" म्हणून वाटेला लावतील. आणि खापर कुणावर? माझ्या खोटेपणावर. घाण मी केली होती, निस्तरायलाही मलाच हवी होती. जाड सुई आणि दुहेरी दोरा माझ्या पर्समध्ये कायम असतो. दोन्ही मांड्यांच्या वेढ्यांना मी चार-चार बोटांच्या चुण्या घातल्या. बोटाला दोनदा सुई टोचली, पण टाके असे बसले की ओढून तुटायचे नाहीत.

लेक बाहेर आली ती हसतच. पेपर सोपा गेला होता. तिच्या मागून फोरमन आला, हातात लहान पट्टा घेऊन.

"हा घे. तो मोठा दे परत."

घेता घेता त्याचा अंगठा माझ्या शिवणीवर थांबला. चष्मा वर सरकवून त्यानं टाके बघितले. "ही सुई कुणी लावली?"

मग मात्र मी सगळं ओकले. फोन, खोटं माप, चुण्या, सगळं. म्हटलं, माझी अक्कल शेण खायला गेली होती, पोरीला यातलं काही ठाऊक नाही.

फोरमननं खिशातून चाकू काढून तो कोरा पट्टा मधोमध कापला. सुई गेली की पट्ट्याचे धागे तुटतात, मग तो माणसाचं वजन पेलत नाही; असा पट्टा कापूनच टाकायचा असतो, नाहीतर उद्या कुणीतरी घालतं, म्हणाला. मग लेकीला विचारलं, "सही कुणाची?"

"माझी."

"सही केलेला पट्टा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. पहिला नियम कोणता शिकवला होता तुला?"

"हाच," ती म्हणाली. "पण दुसरं कुणी नव्हतं, सर. आई होती."

फोरमननं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस वाईट वाटून घेत होता, ते दिसत होतं. पण लहान पट्टा त्यानं परत खोक्यात ठेवला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

फाटकापर्यंत मी तिच्या मागून चालत आले. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या. रस्त्यावर आल्यावर ती शर्टाच्या बाह्या दुमडत हळूच म्हणाली, "आई, आजवर माझं माप विचारणारा हा एकच माणूस भेटला गं."