दोन ओळींची अट

मी एक जुनी अट आहे. कर्नलमधली, म्हणजे संगणकाच्या प्रणालीच्या गाभ्यातली, अवघ्या दोन ओळींची. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातला एकही मित्र माझ्या वाट्याला आलेला नाही. तुम्हाला जे हवं असतं त्याला मी नाही म्हणते आणि तुम्ही मला शिव्या घालता. बारा वर्षं हेच चाललं आहे.

माझं काम नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. काही यंत्रांत फायली थरांनी ठेवतात. खालच्या थराला कोणी हात लावायचा नाही. जे लिहायचं ते वरच्या थरात, आणि बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसतं. आता समजा, वरचा थर चढलाच नाही. वाचता येतं, लिहिता येत नाही. अशात एखादा शहाणा प्रोग्रॅम हुकूम सोडतो, ‘रीमाउंट कर, म्हणजे थर पुन्हा जोड, आणि आता लिहायची मुभा दे.’ अरे, लिहिणार कुठे? मुभा मिळाली तर जो थर नाहीच, त्यात गाभा हात घालतो आणि अख्खं यंत्र कोसळतं. म्हणून मी दारात उभी असते. वरचा थर नसेल तर परवानगी नाही, एवढंच मी म्हणते आणि यंत्र चालू राहतं.

माझा जन्म मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावरच्या एका गराजमध्ये झाला. तिथे बर्फ हटवणारे ट्रक उभे असतात. व्हर्ना अहोला ही त्या ट्रकांमधली यंत्रं सांभाळायची. वाऱ्याने बर्फ उडायला लागला की काचेतून काही दिसत नाही. ड्रायव्हर पडद्यावरची रस्त्याची रेघ बघून चालवतो. व्हर्नाचा नवरा एल्डन असाच एक ड्रायव्हर. एका जानेवारीत कडाक्याच्या थंडीने, वरचा थर ज्यावर असतो ते मेमरी कार्ड गोठून बंद पडलं, प्रोग्रॅमने लिहायची मुभा मागितली, गाभ्याने ती दिली आणि पडदा विझला. ट्रक खड्ड्यात गेला. एल्डन सापडेपर्यंत त्याच्या पायाची तीन बोटं काळी पडली होती.

“माझीच चूक गं,” घरी आल्यावर एल्डन मांस-बटाटा भरलेली पास्टी खाता खाता म्हणाला. “तीस वर्षं तोच रस्ता, आणि वळण विसरलो.”

“वळण नाही विसरलास, पडदा गेला. आता गप खा.”

तिने चार आठवडे गाभा धुंडाळला आणि मला लिहिलं.

गाभ्याचा तो भाग तेव्हा ड्वेन हॉकेट सांभाळायचा. त्याच्या होकाराशिवाय तिथे स्वल्पविरामही शिरत नसे. या लोकांची पत्रं सगळ्या जगासमोर उघडी असतात. व्हर्नाने माझ्यासोबत एक टीप जोडली होती: कुठला रस्ता, किती थंडी, कोणाची बोटं. ड्वेनने सगळ्यांदेखत उत्तर दिलं.

“बाई, ही काय कादंबरी आहे? नवऱ्याच्या बोटांचं रडगाणं घरी गा. इथे कोड बोलतो.”

“कोड काय करतो ते दिसतंच आहे. का करतो, ते कोण सांगणार?”

“ज्याला वाचता येतं त्याला कळतं. टीप काढा, नाहीतर चालू लागा.”

सहा वेळा त्याने मला परत पाठवलं. सातव्या वेळी व्हर्नाने टीप काढली आणि त्याने एकच शब्द लिहिला, “घेतलं.” माझं बारसं ते एवढंच. त्या दिवसापासून तिने ती पत्रं वाचणंही सोडलं.

मग मी कामाला लागले. लाखो यंत्रांत नाही म्हणत राहिले. एकाने चारचौघांत लिहिलं, “ही अट कुठल्या गाढवाने घातली?” त्या गाढवाच्या गराजमध्ये अकरा हिवाळे एकही पडदा विझला नाही. त्याबद्दल कोणी कौतुकाचा चकार शब्द काढला नाही, आणि मीही अपेक्षा धरली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ब्राइस टोलमन नावाचा एक साफसफाईवाला उगवला. त्याने लिहिलं, “ही अट कशासाठी आहे, कोणालाच माहीत नाही. कुठलीही चाचणी इथवर पोचत नाही. मेलेल्या ओळी आहेत. काढतोय.”

ड्वेनने त्याच सकाळी उत्तर दिलं, “छान. आता कसं स्वच्छ दिसतं.”

आत यायला मला सात पत्रं लागली होती. घालवायला एक पुरलं. काढलेल्या ओळी जुन्या नोंदींत पडून राहतात. तिथून मी नुसती बघत बसले. संताप यायचा, पण ऐकतं कोण?

शरद ऋतूत ट्रकांवर नवी प्रणाली चढली. जानेवारीत एल्डनच्या जुन्या रस्त्यावर केल्सी माकी ट्रक चालवत होती. सव्वीस वर्षांची, दोन हिवाळ्यांचा अनुभव. कार्ड गोठलं, प्रोग्रॅमने मुभा मागितली, नाही म्हणायला कोणी नव्हतं. पडदा विझला. शिकवल्याप्रमाणे केल्सी जागीच थांबली. मागून ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला, त्याला उडत्या बर्फात काहीच दिसलं नाही. केल्सी जागच्या जागी गेली.

माझी जागा रिकामी आहे हे व्हर्नाला तासाभरात कळलं. तिने आठवं पत्र पाठवलं. त्यात मी होते, आणि माझ्या डोक्यावर अकरा ओळींची टीप. त्यात केल्सीचं नाव, वय, रस्ता.

“टीप जशीच्या तशी राहील,” ड्वेनने लिहिलं. “फार वाईट वाटतंय. मी काही करू शकतो का?”

“शनिवारी अकरा वाजता केल्सीला निरोप द्यायला चर्चमध्ये या. रस्ता आम्ही साफ करून ठेवू.”

तो आला नाही. त्याने व्हर्नाच्या घरी खोक्यातून फुलं पाठवली. एल्डनने ते खोकं उघडलंसुद्धा नाही.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मी पुन्हा नकोशी झाले तर खुशाल काढा. फक्त आधी वरच्या अकरा ओळी वाचा, केल्सीच्या आईला फोन लावा, आणि या दोन ओळी तुम्हाला का खुपतात ते तिला सांगा.