हाराखाली बंद राहिलेलं बटण

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. पण माझ्या पोटात दूध-भाजी कधीच नव्हती. म्हैसूरजवळ, वरुणा गावाकडच्या एका आरोग्य केंद्रात मी लहान बाळांच्या लसी सांभाळतो. नवा होतो तेव्हा माझं झाकण उघडायला दोन हात लागत. पुढे रबर सैल झालं.

औषधं सांभाळणाऱ्या खंडोजीरावांचा माझ्यावर भारी जीव. मागच्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्यांनी मला बंद करून पुसलं, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला, हात जोडले आणि घरी गेले. बटण तसंच बंद राहिलं. सुट्टीचे दोन दिवस मी हाराखाली तापत होतो. सांगणार कुणाला?

तिसऱ्या दिवशी प्रार्थना नावाची एक आई दोन बस बदलून दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. नव्या डॉक्टर विद्याश्रींनी आधी माझा तापमानाचा काटा पाहिला, मग रोजच्या नोंदीची वही.

"खंडोजीराव, काटा चोवीसवर, आणि वहीत दोन्ही दिवस चार अंश?"

"अय्यो मॅडम... सुट्टीचं आधीच लिहून ठेवलं मी. रोज चारच असतंय म्हणून."

"हार घातला, हात जोडले," सरस्वतीबाई नर्स कडाडल्या, "आणि बटण कोण लावणार? चामुंडीअम्मा डोंगर उतरून येणार?"

प्रार्थना उठली. "मग जाते मी, अक्का. परत यायला जमायचं नाही."

"बसा," विद्याश्री म्हणाल्या. कीर्तनात ताल चुकला तर बुवा मृदंगवाल्याला हाकलत नाहीत. हातानं ताल धरून देतात आणि पद पुन्हा उचलतात. तसंच झालं. माझ्यातल्या साऱ्या कुप्या बाद करून वेगळ्या ठेवल्या. शेजारच्या केंद्राला फोन गेला. खंडोजीराव स्वतः मोटारसायकलवर बर्फाची पेटी घेऊन धावले. तासाभरात बाळाला चांगली लस मिळाली. ते असं रडलं, की मला मंगलारतीच ऐकू आली!

त्याच दुपारी भिंतीवर कागद लागला: सकाळ-संध्याकाळ काटा कोण पाहणार, सुट्टीला कोण, प्रत्येक दिवसापुढे एक नाव. लिहायचं ते पाहिल्यावरच. तीन वर्षं मागून न मिळालेलं रबरही आलं.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना हार जरूर घाला. पण हात जोडून झाले की डोळे उघडून आमच्याकडे एकदा पाहा.

यंदा खंडोजीरावांनी मला चालू ठेवूनच पुसलं. विजयादशमीला कागदावर त्यांचंच नाव होतं. बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याचा मशालींचा खेळ पाहायला घरचे निघाले होते, तरी ते आधी इकडे आले. झाकणावरचा हार बाजूला सारून काट्याकडे वाकले.

"चार," ते मोठ्यानं म्हणाले, आणि मग वही उघडली.