भोंगा सरांचा आवाज

आमच्या घरात गप्प बसणं हा आजार समजला जातो. कुणी थोडा वेळ बोललं नाही की आई कपाळाला हात लावून ताप बघते. बाबांचं गाद्यांचं दुकान आहे आणि ते चालतं बाबांच्या जिभेवर. उशीचा अभ्रा घ्यायला आलेला माणूस डबल बेडची गादी घेऊन जातो आणि वर बाबांचे आभार मानतो. तोंडाचा हा पट्टा माझ्याकडे जसाच्या तसा आला. त्यामुळे आपल्या पश्चात ही गादी कोण चालवणार याची बाबांना कधी काळजी नव्हती.

शाळेला मात्र माझी फार काळजी होती. पहिल्या बाकावर बसवलं तर मी शिक्षकांशी बोलायचे, शेवटच्या बाकावर बसवलं तर खिडकीतून व्हरांड्यातल्या माणसांशी. मुलग्यांमध्ये बसवून झालं, एकटीला बसवून झालं, सगळ्यांनी हात टेकले. वर्गात माझं नाव रेडिओ पडलं होतं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी एकदा बाबांना बोलावून घेतलं, की हिला घरी जरा समजावा. त्यावर बाबांनीच त्यांना इतका वेळ समजावलं, की शेवटी बाईंनी स्टाफरूमसाठी उशा मागवल्या तेव्हा कुठे ते उठले.

आठवीत आम्हाला विज्ञानाला भोंगा सर आले. हे नाव आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीने ठेवलेलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं. सर पचनसंस्था शिकवायला लागले की ती बसस्टॉपवरच्या लोकांनाही समजायची. शेजारच्या वर्गात कविता चालू असली तर तिच्यात मधूनच जठररस यायचा. सर हौसेने शिकवायचे, घाम येईपर्यंत शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्यातलं फारसं काही कळायचं नाही. एवढ्या आवाजात विचार कसा करणार?

एके दिवशी हा भोंगा बंद पडला. सरांच्या घशात गाठी निघाल्या होत्या. त्या काढल्या, पण डॉक्टरांनी बजावलं की आवाज कायमचा गमवायचा नसेल तर काही आठवडे ब्रसुद्धा काढायचा नाही, कुजबुजही चालणार नाही. दुसरा कुणी असता तर रजा टाकून घरी पडून राहिला असता. सर गळ्याभोवती मफलर गुंडाळून वर्गात आले, फळ्यावर लिहिलं, ‘मला आवाज पाहिजे’, आणि खडू सरळ माझ्याकडे रोखला.

वर्ग फिदीफिदी हसला. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सर काय करताहेत हे त्यांना आधीच ठाऊक होतं, परवानगी त्यांचीच होती, पण ती देऊन त्यांना झोप लागली नसावी. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, की आजवर तुला गप्प करण्यात या शाळेने जेवढे कष्ट घेतले, ते सगळे आता वसूल करून दे.

आमची पद्धत अशी ठरली. शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत जायचं. सर दुसऱ्या दिवशीचा धडा प्रयोग करून, चित्रं काढून, हातवारे करून मला दाखवणार. मग मी तो त्यांना सांगायचा. मला कळला असेल तर सर मान हलवणार, नसेल कळला तर नुसते बघत बसणार. ते बघणं फार वाईट. त्यात राग नसायचा, घाई नसायची, माणूस बसची वाट बघतो तसे ते माझी वाट बघायचे. मी शब्दांची पेरणी करून वेळ मारून न्यायला जायचे आणि सर आपले थांबलेलेच. शेवटी झक मारत मला विचार करावा लागायचा. ही सवय मला तोवर अजिबात नव्हती.

पण वर्गात उभं राहिल्यावर जे वाटायचं ते मी आजही विसरलेले नाही. माझं बोलणं ऐकून कुणीतरी भुवया वर करायचं, कुणीतरी ‘अच्छा’ म्हणायचं, आणि मला हवेत तरंगल्यासारखं व्हायचं. बोलून लोकांना हसवता येतं हे मला माहीत होतं. बोलून समोरच्याला एखादी गोष्ट दिसायला लागते, हे नवीन होतं.

एकदा मी दणक्यात आपटले. एकामागे एक जोडलेल्या दिव्यांचा धडा होता. कुणीतरी विचारलं की यातला कुठला दिवा जास्त उजेड देईल. हे सरांनी मला दाखवलेलं नव्हतं, पण उत्तर येत नाही असं म्हणणं आमच्या घराण्यात बसत नाही. मी ठोकून दिलं की पहिला दिवा, कारण रांगेत पुढे असलेल्याला नेहमीच जास्त मिळतं. वर्गाला ते इतकं पटलं की सगळ्यांनी लिहूनही घेतलं. सरांनी काही न लिहिता दिवे आणून टेबलावर ठेवले आणि जोडणी मलाच करायला लावली. दिवे लागले. सगळे सारखेच लागले.

माझं तोंड बघून वर्ग खो खो हसला. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘फार चांगली चूक. मीही लहानपणी हेच समजत होतो. आता ही का चुकली ते शोधा.’ मग ती सगळी तासिका माझ्या चुकीवर चालली. मी शरमेने लाल व्हायला हवं होतं, पण माझ्याच चुकीवर एवढे लोक डोकं लावताहेत हे बघून मला चक्क मान मिळाल्यासारखं वाटत होतं.

सरांचा आवाज परत आला तो बारीक, जरा फाटका होऊन आला. हळूहळू तो सुधारला, पण सर पुन्हा कधी ओरडले नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, की डॉक्टरांनी अजून सोडलं नाही का? सर म्हणाले, “डॉक्टरांनी कधीच सोडलं. पण मी गप्प होतो ना, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुम्ही मुलं ऐकू आलात. आता ते सोडवत नाही.”

मोठ्या बाईंनीही मला मोकळं सोडलं नाही. रेडिओ एकदा लागलाच आहे तर बंद कशाला करायचा, असं म्हणून त्यांनी मला खालच्या वर्गांतल्या कच्च्या मुलांना गणित समजावायला बसवलं. दहावीच्या निरोपाच्या दिवशी त्या म्हणाल्या, “तू शिक्षिका होणार आणि माझं डोकं उठवणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.” त्या सहज म्हणाल्या असतील. मी मात्र ते पक्कं धरून बसले.

पदवी झाली, बी.एड. झालं. बाबांना वाटत होतं की हे खूळ आहे, उतरेल. ते काही उतरत नाही म्हटल्यावर त्यांची चिडचिड सुरू झाली. त्यांच्या मते मुलं शिकायची असली की शिकतात आणि नसली की नाही, त्यात शिक्षकाचा काय संबंध? गिऱ्हाईक मात्र माणसालाच पटवावं लागतं. आई म्हणायची, तिला हवं ते करू द्या. बाबा म्हणायचे, मी कुठे नाही म्हणतोय, मी फक्त बोलतोय. आमच्या घरात या दोन्हींत फारसा फरक नसतो.

तेवढ्यात माझ्याच शाळेत विज्ञानाची जागा निघाली. निवडीसाठी बाई आणि सरांसमोर एक धडा घेऊन दाखवायचा होता. बाबांनी आपली अट घातली, की त्यांनी घेतलं तर तुझं नशीब, नाही घेतलं तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही, सोमवारपासून दुकानात उभं राहायचं. मी मोठ्या ऐटीत कबूल झाले. बोलायचंच तर होतं.

धड्याच्या दिवशी बाबा मला स्कूटरवरून सोडायला आले, आणि फाटकातून परत न जाता आत आले. बाईंनी त्यांना बघितलं आणि बहुतेक उशांचा सूड म्हणून म्हणाल्या, या की, मुलगी काय करते ते स्वतःच बघा. त्यामुळे शेवटच्या बाकावर, पाचवीतल्या पोरांसाठी केलेल्या त्या चिमुकल्या बाकावर, मोठ्या बाई, सर आणि गुडघे हनुवटीला लागलेले माझे बाबा असे दाटीवाटीने बसले.

विषय साधा घेतला होता. प्रत्येक मुलाच्या हातात एक लाकडी पट्टी आणि एक स्टीलची पट्टी दिली आणि विचारलं, कुठली जास्त गार लागते? सगळे ओरडले, स्टीलची. मग दोन्हींना थर्मामीटर लावून दाखवला, तर पारा सारखाच. पोरं चक्रावली. इथून पुढे मी जी सुटले ती सुटले. किस्से सांगितले, नकला केल्या, थंडीतल्या लोखंडी खुर्चीवर बसणाऱ्या काकांची गोष्ट सांगितली. पोरं हसून हसून बाकाखाली जायची बाकी होती. बाबा अभिमानाने इकडेतिकडे बघत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आणि सर माझ्याकडे बघत होते, मला चांगलं ओळखीचं असलेलं ते बघणं.

माझ्या लक्षात आलं की पारा सारखा का आला हे अजून वर्गात कुणालाच कळलेलं नाही, आणि निम्मा तास संपला आहे.

भिंतीकडेच्या बाकावर एक मुलगी होती. ती हसत नव्हती. ती स्टीलची पट्टी गालाला लावायची, थोडा वेळ धरायची, काढून बोटांनी चाचपायची, आणि परत लावायची. मी विचारलं, काय करतेस? ती दचकली, काही नाही म्हणाली आणि पट्टी बाकाखाली लपवली. मी म्हटलं, मला खरंच जाणून घ्यायचंय, सांग. मग मी थांबले.

ती काही बोलेना. वर्ग चुळबुळ करायला लागला. बाईंनी घड्याळ बघितलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, छान, गोळीबंद उत्तर, एका वाक्यात ते सांगून मी धडा गुंडाळू शकले असते आणि नोकरी खिशात टाकू शकले असते. मी जीभ दाताखाली दाबून धरली. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिलेले नव्हते.

आमच्या घरातलं दुसरं माणूसही वर्गात आहे, हे मी विसरले होते. बाबांना ती शांतता सोसवेना. मुलगी अडकली, धडा बसला, अशी त्यांची खात्री झाली असणार. ते बाकासकट अर्धवट उठले आणि गिऱ्हाईक निसटताना जो गोड आवाज काढतात त्या आवाजात म्हणाले, “अगं, सोपं आहे बाळ, लोखंड मुळातच थंड प्रकृतीचं...”

“बाबा,” मी म्हटलं, “तिला बोलू दे.”

मी बाबांना ‘अहो-जाहो’ करते, तेही विसरले. बाबा खाली बसले. पोरं श्वास रोखून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. आणि त्या शांततेत ती मुलगी हळूच म्हणाली, “ती आधी गार लागते. पण गालाला धरून ठेवली की पलीकडूनही कोमट होते. लाकडाची होत नाही.”

“मग ती ऊब कुठून आली?” मी विचारलं.

तिने पट्टी काढून स्वतःचा गाल चाचपला. “माझी आहे,” ती म्हणाली. “पट्टी गार नसतेच. ती माझी ऊब घेऊन जाते, म्हणून मला गार वाटतं. लाकूड घेत नाही.”

मग सगळा वर्ग पट्ट्या गालाला, कपाळाला, कानाला लावून खरंखोटं करायला लागला. नुसता कल्लोळ उसळला. त्या कल्लोळात शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला, मनगटावर घड्याळ असलेला. बाबांनी त्या मुलीला विचारलं, की मग गादी ऊबदार का लागते? ती म्हणाली, “ती तुमची ऊब जाऊ देत नाही.” इतकी वर्षं गिऱ्हाइकांना आमच्याच गाद्या मुळात गरम म्हणून सांगणारे बाबा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले.

तास संपल्यावर बाई आणि सर ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं. मी आणि बाबा बाहेरच्या बाकड्यावर बसलो. निम्मा तास मी वाया घालवला होता, पाहुण्याने मध्ये तोंड घातलं होतं, आणि फळ्यावर मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सोमवारी दुकान किती वाजता उघडायचं तेवढं विचारायचं बाकी होतं.

बाबा काही बोलत नव्हते. मी त्यांच्या कपाळाला हात लावणार एवढ्यात ते म्हणाले, “यांनी घेतलं नाही तर दुसरी शाळा बघ. दुकानात येऊ नकोस.”

मी म्हटलं, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले, त्याचा राग आला का?

“राग कसला? त्या पोरीला मी दोन मिनिटांत गप्प केली असती गं. काहीतरी विकून टाकलं असतं तिला.” ते चष्मा काढून पुसायला लागले. “तिच्या तोंडाकडे बघत होतीस तू, कधी बोलते म्हणून. असं कुणी माझ्याकडे बघितलं असतं, तर मीही शाळेत टिकलो असतो.”

बाबांनी शाळा अर्ध्यावर सोडली हे मला माहीत होतं. ते नेहमी हसत सांगायचे, की धंद्याची ओढ होती. मला एकदम भरून आलं. मी त्यांचा हात धरला.

ऑफिसचं दार उघडलं. मोठ्या बाई बाहेर आल्या, मागे सर हसत उभे होते. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या बाई, आत या.”

मी मागे वळून बघितलं, कुठल्या बाई आल्यात ते.

“तुलाच म्हणतायत,” बाबा म्हणाले. “जा.”