काचेची तार

माझी उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. मी गल्लीत शिरले तरी दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. त्यामुळे मुलगा दर रविवारी, "आई, तुझं नेट स्लो आहे गं, आवाज तुटतोय, ठेवतो," म्हणून फोन बंद करायला लागला, तेव्हा मी नेटवर संशय घेतला. पोटच्या पोरावर कोण घेतं?

हे गेल्यापासून घरात बोलायला दुसरं माणूस नाही. रविवारचं ते बोलणं म्हणजे माझा अख्खा आठवडा. सोमवारपासून त्याला काय काय सांगायचं ते मी मनात साठवत राहते, आणि रविवारी निम्म्यातच सगळं खुंटतं. शेवटी मी कंबर कसली.

घरात होती टेलिफोनची जुनी तांब्याची तार. रोज त्याच खुर्चीत, त्याच वेळी बसून मी मोबाइलवर वेग मोजला. येणारा आठ एमबीपीएस, जाणारा जेमतेम एक. म्हणजे व्हिडिओवर मुलगा मला दिसायचा, पण मी त्याच्यापर्यंत धापा टाकत पोचत होते. प्लॅनचं नाव काय, तर 'वायुवेग'! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे टीव्हीच्या केबलमधून येणारं नेट होतं. त्यांच्या मशीनशेजारी बसून मोजलं. दुपारी शंभर, संध्याकाळी माणसं घरी परतली की वीस. "सगळ्या इमारतीचा एकच नळ आहे हो ताई," त्या म्हणाल्या. मग भाचीने सिमकार्डावर चालणारा नेटचा डबा आणून दिला. तो खिडकीत ठेवला की साठ, आत आणला की बारा. खिडकीत बसून बोलायचं, तर माझं गाऱ्हाणं अख्ख्या गल्लीने ऐकायचं.

"मावशी, कशाला एवढा आटापिटा? मेसेज कर की त्याला," भाची म्हणाली.

"मेसेजला तोंड असतं का गं?"

शेवटी काचेची तार घेतली. फायबर. बसवायला आलेल्या तारवाल्याने भिंतीला भोक पाडलं, केसाएवढी तार आत ओढली आणि वेग मोजून दाखवला. येणारा शंभर, जाणाराही शंभर. सवयीने मी त्याला पुन्हा मोजायला लावलं.

"काकू, आता तुमच्याकडून काही अडणार नाही," तो हसत म्हणाला. "अडलं तर पलीकडेच."

मुलाला मी काही कळवलं नाही. म्हटलं, आपोआप लक्षात आलं की खूष होईल.

रविवारी त्याचा चेहरा इतका स्वच्छ आला की मी बोलायचंच विसरले. दाढीत पांढरे केस, डोळ्यांखाली काळं. इतके दिवस मी त्याचे नुसते ठिपके बघत होते. मग मी गुडघ्याचं सांगितलं, शिंपीणबाईंच्या जावयाचं सांगितलं, स्वयंपाकघरातल्या बंद पडलेल्या दिव्याचं सांगायला घेतलं, आणि तो थिजला. तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर.

एवढा खटाटोप, तो पालथ्या घड्यावर पाणी! तेवढ्यात त्याच्या मागचा खिडकीचा पडदा वाऱ्याने हलला. सून कपड्यांची टोपली घेऊन मागून गेली. नवऱ्याला असा बसलेला बघून तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. हलत नव्हता तो फक्त माझा मुलगा. लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचा ना, अगदी तसा. तेव्हाही नाकपुड्या हलायच्याच.

असा संताप आला! नोकरीत असते तर जागेवर जप्ती केली असती. "अरे सोंगाड्या, मागे पडदा हलतोय तुझ्या," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पुढच्या रविवारी तो सुटायला कुठलं कारण काढणार? आणि कारण सापडलं नाही, तर फोनच करणार नाही. निम्मा तर निम्मा, रविवार मला हवा होता. म्हणून मीही होते तशीच थिजले. हात हवेत, तोंड उघडं.

जरा वेळाने त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी हलत नाही म्हटल्यावर सैल पडला. "गेलं वाटतं आईचं नेट," तो सुनेला म्हणाला. आवाज कसा खणखणीत आला. फोन बंद करायला त्याने बोट पुढे केलं आणि, का कोण जाणे, ते तिथेच राहिलं. तो माझ्याकडे बघायला लागला. बोलताना त्याची नजर कुठेतरी दुसरीकडेच असते. आता मात्र तोंड जवळ आणून तो माझे केस, माझा चेहरा, सगळं नीट बघत होता.

"किती थकलीस गं आई," तो हळूच म्हणाला.

माझा हात भरून आला. डोळे चुरचुरायला लागले. एक थेंब जरी ओघळला असता, तरी आईचं नेट झकास चालतंय हे त्याला कळलं असतं. मी श्वास रोखला. तो बघत होता तोवर मी हलले नाही.